रामेनच्या दुकानात जायचंय? आधी नूडल्सचं घड्याळ समजून घ्या

प्रश्न थोडक्यात असा आहे की नवरा-बायको, दहा वर्षांचा मुलगा आणि पक्क्या शाकाहारी सासूबाई (अंडंही नाही) असे चौघं नोव्हेंबरमध्ये टोकियो, क्योतो आणि फुकुओकाला चाललेत, रामेन (गरम सूपमधल्या जपानी नूडल्स) खायची फार इच्छा आहे पण दुकानात कसं वागायचं, ऑर्डर कशी द्यायची, सुर्रsss आवाज करून खाल्लंच पाहिजे का, सासूबाईंचं काय करायचं आणि "तिथले लोक खाल्लं की लगेच उठवतात" हे खरंय का.

मी आधी फुकुओकात आणि नंतर टोकियोत रामेनच्या किचनमध्ये काम केलंय, सूपच्या पातेल्यापासून ते नूडल्स उकळण्यापर्यंत सगळं, त्यामुळे काउंटरच्या आतल्या बाजूने सांगतो. रामेनच्या दुकानातले जे नियम म्हणून यूट्यूबवर सांगतात ना, त्यातले बहुतेक शिष्टाचार वगैरे नाहीतच, ते सगळं नूडल्सच्या वेळेवरून आलेलं आहे. नूडल गरम सूपमध्ये पडली की ती पाणी शोषायला लागते, पाच-सात मिनिटांत तिचा ताठपणा जातो, आणि दुकानात जागा असते आठ-दहा-बारा खुर्च्यांची. मशीनवर आधी पैसे, कमी बोलणं, पटापट खाणं आणि खाऊन झालं की उठणं, या सगळ्याच्या मुळाशी या दोनच गोष्टी आहेत, एवढं डोक्यात ठेवलंत तर नियम पाठ करायची गरज नाही.

तर दारापासून सुरू करू. बऱ्याच दुकानांत आत शिरल्या शिरल्या एक तिकीट मशीन असतं, पैसे घाला, बटण दाबा, छोटं कुपन येतं ते काउंटरवर ठेवा. जपानी वाचता येत नसेल तर डाव्या कोपऱ्यातलं सगळ्यात वरचं बटण दाबा, साधारणपणे दुकानाचा मुख्य रामेन तिथेच असतो, दुकानदार मुद्दाम तसं लावतात. हल्ली टचस्क्रीनवाली मशीनं आलीत, त्यावर इंग्रजी असतं, कार्डही चालतं. पण जुनी मशीनं अजून भरपूर आहेत आणि ती फक्त नाणी आणि 1000 येनची नोट घेतात, 5000 आणि 10000 ची घेत नाहीत. त्यात जुलै 2024 मध्ये जपानने नोटा बदलल्या आणि छोट्या दुकानदारांची पंचाईत झाली, कारण मशीन बदलायचं म्हणजे लाखो येनचा खर्च, त्यामुळे काही ठिकाणी नवीन नोट मशीन अजूनही थुंकून देतं. तसं झालं तर घाबरू नका, आतल्या माणसाला नोट दाखवा, तो बदलून देतो. पण खिशात नाणी ठेवा, शंभर आणि पाचशेची. टोकियोत साधा बाऊल साधारण 900 ते 1200 येनपर्यंत पडतो, वर अंडं वगैरे घेतलं की थोडे जास्त. 1000 येनच्या वर किंमत नेली की गिऱ्हाईक नाक मुरडतं अशी दुकानदारांची वर्षानुवर्षांची तक्रार आहे, हल्ली पीठ आणि डुकराचं मांस दोन्ही महागलं म्हणून ती रेघ ओलांडायला लागलेत बिचारे.

रांग असेल तर चौघं एकत्रच उभे राहा. एकजण रांगेत आणि तिघं शॉपिंगला हे चालत नाही, कारण कधीकधी रांगेतच कुपन घेऊन जातात आणि तुम्ही खुर्चीत बसायच्या आधी तुमच्या नूडल्स उकळत्या पाण्यात पडलेल्या असतात. चौघांना शेजारी शेजारी जागा मिळेलच असं नाही, दोन-दोन बसायची तयारी ठेवा, हट्ट धरलात तर रांग अडते.

आता काय मागवायचं. इथे लोकांचा फार गोंधळ होतो कारण मेन्यूवर शोयू, शिओ, मिसो, तोन्कोत्सु ही चार नावं एका ओळीत लिहिलेली असतात आणि वाटतं की हे चार फ्लेवर. खरं म्हणजे पहिले तीन खारटपणा कुठून येतो ते सांगतात (सोया सॉस, मीठ आणि मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट) आणि चौथं नाव म्हणजे सूप कशाचं आहे ते, डुकराच्या हाडांचं. किचनमध्ये बाऊलच्या तळाशी आधी तो घट्ट खारट सॉस पडतो, त्याला तारे म्हणतात, मग चमचाभर सुगंधी तेल, मग उकळतं सूप, मग नूडल्स, आणि शेवटी वरचं सामान, म्हणजे चाशू (डुकराच्या मांसाच्या चकत्या), मेन्मा (आंबवलेले बांबूचे कोंब), कांद्याची पात, नोरी (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा पातळ कागद), मुरवलेलं अंडं. सूपला स्वतःचं मीठ जवळजवळ नसतं, त्यामुळे "खारट कमी करा" म्हटलं तर ते शक्य असतं, तारे कमी घातला की झालं.

तोन्कोत्सुचं पांढरं सूप बघून आपल्याकडचे लोक हमखास विचारतात की दूध घालता का. नाही हो. हाडं आधी धुवून, रक्त काढून, मग मोठ्या आचेवर दहा-दहा बारा-बारा तास खदखदा उकळायची, हाडातल्या कोलॅजनचं जिलेटिन होतं, चरबी बारीक बारीक थेंबांत फुटून त्यात मिसळते आणि पाणी दुधासारखं दिसायला लागतं. मंद आचेवर ठेवलं असतं तर तीच हाडं स्वच्छ पारदर्शक सूप देतात. म्हणजे सगळा खेळ आचेचा. हा प्रकार फुकुओका भागातल्या कुरुमे गावचा, 1937 मध्ये तिथे एका गाडीवर तोन्कोत्सु रामेन सुरू झालं, नंतर तिथून अख्ख्या क्युशू बेटावर पसरलं. एक सांगून ठेवतो, तोन्कोत्सुच्या दुकानाला वास असतो, लांबून कळतो. मला तो आता आवडतो पण सासूबाई त्या दारातून आत यायच्या नाहीत, आणि त्यांना आग्रह करूही नये.

फुकुओकाला जाताय म्हणून जरा सविस्तर. तिथल्या नूडल्स बारीक, सरळ आणि त्यांच्या पिठात पाणी फार कमी असतं, पिठाच्या 30 टक्क्यांच्याही खाली. अशी कोरडी नूडल उकळते पटकन पण सूपही तितक्याच पटकन पिते आणि मऊ पडते. म्हणून तिथे बाऊलमध्ये नूडल्स थोड्याच देतात आणि संपत आल्या की "काएदामा" म्हणायचं, की त्याच सूपमध्ये नूडल्सचा दुसरा ताजा गोळा येतो, शंभर-दीडशे येनमध्ये. ही पद्धत फुकुओकातल्याच नागाहामा भागातल्या मासळी बाजाराजवळची, तिथल्या कामगारांना खायला वेळ नसायचा, त्यांना जाडी नूडल उकळेपर्यंत थांबणं परवडायचं नाही. काएदामा मागायची वेळ महत्त्वाची, पहिल्या नूडल्स दोन-तीन घास उरल्या की सांगा, आणि सूप पिऊन टाकू नका, नाहीतर दुसरा गोळा कोरड्या बाऊलमध्ये पडायचा!

नूडल किती कडक हवी तेही तिथे विचारतात. फुत्सू म्हणजे नेहमीची, काता म्हणजे कडक, बारीकाता म्हणजे आणखी कडक, त्याच्याही पुढे हारीगाने. बारीकाता जेमतेम वीस-तीस सेकंद पाण्यात राहते. पर्यटक आले की सगळे बारीकाताच मागतात कारण व्हिडिओत तसं सांगितलेलं असतं, माझं मत विचाराल तर पहिल्यांदा काता घ्या, बारीकाताला कच्च्या पिठाची चव येते आणि ज्याला सवय नाही त्याला वाटतं नूडल नीट शिजलीच नाही. दुसऱ्या गोळ्याला हवं तर बारीकाता करून बघा, फरक तोंडात लगेच कळेल.

नूडल पिवळट का असते आणि अंडं न घालताही लवचिक का, याचं उत्तर आपल्या पापडवाल्या बायका अर्ध्या मिनिटात देतील. त्यात कानसुई घालतात, म्हणजे सोडियम आणि पोटॅशियम कार्बोनेटचं पाणी, साधारण आपल्या पापडखाराच्या घराण्यातलंच. क्षारामुळे गव्हाचं पीठ चिवट होतं आणि पिवळसर रंग येतो. काही दुकानं वरून अंडंही घालतात, तो मुद्दा सासूबाईंसाठी लक्षात ठेवा.

टोकियोत शोयू रामेन खा, कोंबडी आणि सुक्या मासळीचं तपकिरी पारदर्शक सूप, तिथला तो जुना प्रकार. 1910 मध्ये आसाकुसात राइराइकेन नावाचं दुकान निघालं, योकोहामाच्या चायनाटाऊनमधून आणलेले चिनी स्वयंपाकी होते, रामेनच्या इतिहासात तेच दुकान पहिलं म्हणून सांगतात. म्हणजे मुळात चिनी नूडल्स आणि त्याला जपानी सोया सॉसची जोड. क्योतोबद्दल लोकांची समजूत अशी की तिथलं सगळं सात्त्विक आणि हलकं, रामेनच्या बाबतीत अगदी उलटं, तिथे कोंबडीचं इतकं दाट सूप मिळतं की चमचा जड वाटतो. तेनकाइप्पिन नावाची जी मोठी साखळी आहे ती 1971 मध्ये क्योतोतच एका गाडीवर सुरू झाली. आणि साप्पोरो तुमच्या यादीत नाही पण टोकियोत साप्पोरो पद्धतीचं मिसो रामेन मिळतं, ते घेतलंत तर सांभाळून, वर चरबीचा थर असतो म्हणून वाफ दिसत नाही, थंड झालंय असं वाटतं आणि पहिल्याच चमच्याला जीभ पोळते. मुलाला तर आधी फुंकर मारायला सांगा.

मुलावरून आठवलं. मुलगा सावकाश खाणारा असेल, किंवा तुम्ही स्वतः गप्पा मारत खाणारे असाल, तर त्सुकेमेन घ्या. यात नूडल्स उकळून गार पाण्यात धुतात आणि वेगळ्या देतात, दाट सूप वेगळ्या वाटीत, बुडवून खायचं. नूडल सूपमध्ये पडून नसते त्यामुळे मऊ पडायची घाई नाही. हा प्रकार काझुओ यामागिशी या स्वयंपाक्याने 1955 मध्ये टोकियोच्या ताइशोकेन दुकानात मेन्यूवर आणला, आधी तो किचनमधल्या लोकांचंच खाणं होतं, उरलेल्या नूडल्स सूपमध्ये बुडवून उभ्या उभ्या खायचे. शेवटी वाटीत दाट सूप उरतं, तेव्हा "सूप-वारी" म्हणा, ते गरम पातळ सूप ओतून देतात, मग ते पिता येतं. फक्त त्सुकेमेनच्या नूडल्स जाड असतात, उकळायला दहा मिनिटंसुद्धा लागतात, तेव्हा ऑर्डर दिल्यावर शेजारच्याचं आधी आलं म्हणून तोंड पाडू नका.

आवाजाचं आता. करायलाच पाहिजे असं काही नाही, तुमच्याकडे कुणी बघतही नाही. लोक आवाज करतात कारण नूडल उकळत्या सूपमधून थेट तोंडात जाते, सोबत हवा ओढली की ती निवते आणि तेलाचा, सूपचा वास नाकात मागून चढतो, खरंच चव जास्त लागते. आपल्याला लहानपणापासून "आवाज करून खाऊ नकोस" म्हणून ओरडा मिळालेला असतो त्यामुळे जमत नाही, मग लोक जोर लावून ओढतात आणि सूप शर्टवर. जमत नसेल तर रेन्गेमध्ये (तो खोलगट चमचा) थोडी नूडल घ्या, थोडं सूप घ्या, एक घास करा, कुणी हसणार नाही. दातांनी नूडल तोडून अर्धी परत बाऊलमध्ये सोडणं मात्र टाळा. कागदी एप्रन आणि केस बांधायला रबर बऱ्याच दुकानांत ठेवलेले असतात, नसतील तर मागा.

टेबलावर मिरपूड, व्हिनेगर, तिळाचं तिखट तेल, लसूण, क्युशूत लाल आलं आणि मोहरीच्या पाल्याचं तिखट लोणचं असं बरंच काही असतं. आपला हात आधीच तिखटाकडे जातो, माझी एवढीच विनंती की आधी दोन चमचे सूप नुसतं प्या. मसाल्यापायी नाही, त्या सूपसाठी आतला माणूस पहाटेपासून उभा असतो. अर्धं संपल्यावर लसूण घाला, तिखट घाला, काय हवं ते करा, जपानी लोकही तसंच करतात.

आता सासूबाई, हा खरा कठीण भाग. नेहमीच्या रामेनच्या दुकानात त्यांच्यासाठी काहीही नाही, हे गृहीत धरून चला. "मांस नको" सांगितलंत तर ते अगदी हसतमुखाने वरची चाशू काढून देतील आणि सूप तेच डुकराचं किंवा कोंबडीचं राहील, त्यांच्या लेखी मांस म्हणजे वरचा तुकडा. मेन्यूत भाज्यांचं रामेन दिसलं तरी भाज्या वरती आणि खाली हाडांचंच सूप. मिसो रामेनमध्ये मिसो शाकाहारी, सूप नाही. तारेमध्येसुद्धा सुकी मासळी मुरवलेली असते. आणि यात दुकानदार फसवत नाहीये, चवीचं गणितच तसं आहे. किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञांनी 1908 मध्ये कोंबू शेवाळातलं ग्लुटामेट हे चव आणणारं द्रव्य शोधून काढलं, 1913 मध्ये त्यांच्या शिष्याने, कोदामा यांनी, सुक्या बोनिटो माशातलं तसंच दुसरं द्रव्य, इनोसिनेट, दाखवलं, हे दोन्ही एकत्र आले की चव दुप्पट नाही, कित्येक पट वाढते, आणि रामेनचं अख्खं सूप याच जोडीवर उभं असतं. मासे-मांस काढलं की जोडीतला एक गडी गेला. चांगला विगन रामेनवाला ती जागा वाळवलेल्या शिताके मशरूमने भरतो, त्यात तिसरं द्रव्य असतं जे कोंबूबरोबर तसंच काम करतं, आणि हाडांच्या जिलेटिनचा जो दाटपणा गेला तो तिळाच्या पेस्टने किंवा सोया दुधाने आणतो. म्हणून शाकाहारीत तिळाचं तिखट तानतानमेन सगळ्यात छान जमतं, पारदर्शक शाकाहारी शोयू रामेन मला अजून फारसं कुठे पटलेलं नाही.

टोकियो स्टेशनमध्ये टीज तानतान म्हणून पूर्ण विगन रामेनचं दुकान आहे, मांस, मासे, अंडं, दूध काहीच नाही, सासूबाईंना थेट तिथे न्या. ते तिकिटाच्या गेटच्या आत आहे, केइयो लाइनकडे जाणाऱ्या बाजूला, त्यामुळे ज्या दिवशी शिनकानसेन (बुलेट ट्रेन) पकडायची असेल त्याच दिवशी तिथे जेवायचा बेत ठेवा म्हणजे वेगळं प्लॅटफॉर्म तिकीट काढायला नको. आफुरी नावाच्या साखळीतही विगन रामेन मिळतं, आणि तिथे तुम्ही त्यांचं नेहमीचं युझू लिंबाच्या वासाचं कोंबडीचं शिओ रामेन घेऊ शकता, म्हणजे चौघांना एका टेबलावर बसता येईल. मात्र अशा मिश्र दुकानांत नूडल्स उकळायचं पाणी बहुतेक वेळा एकच असतं, हे सासूबाईंना आधी सांगा, चालत असेल तर ठीक. कांदा-लसूणही नको असेल तर रामेनचा नाद सोडा, टोकियोत निशी-कासाइ भागात आपली मराठी आणि इतर भारतीय मंडळी भरपूर राहतात, तिथे साधं डाळ-भात, डोसा सगळं मिळतं, त्यांना उपाशी ठेवून तुमचं रामेन गोड लागणार नाही.

एक दुकान मात्र पहिल्याच ट्रिपला टाळा, ते म्हणजे जिरो. 1968 पासूनचं, मिता भागात केइओ विद्यापीठाजवळ मूळ दुकान, आता बऱ्याच शाखा. डोंगराएवढे मोड आलेल्या कडधान्याचे कोंब आणि कोबी, जाड नूडल्स, चरबी, लसूण. तिथे नूडल्स एका वेळी चार-सहा जणांच्या एकदम उकळतात, त्यामुळे त्या खेपेतला एक जण रेंगाळला की पुढची खेप अडते आणि मागचे लोक लग्नाच्या पंगतीत खुर्चीमागे उभे राहतात तसे उभे असतात. बाऊल द्यायच्या आधी माणूस विचारतो लसूण घालू का, आणि तेव्हाच भाज्या जास्त, चरबी जास्त असं एका दमात सांगायचं असतं. मजा आहे, पण दहा वर्षांचा मुलगा घेऊन नाही. जास्त भाज्यांची ऑर्डर देऊन अर्धं टाकणं तर मुळीच नको. त्यापेक्षा योकोहामाचं इएकेइ रामेन घ्या, 1974 मध्ये योशिमुराया या दुकानाने सुरू केलेला प्रकार, तोन्कोत्सु आणि शोयू एकत्र, वर पालक आणि नोरी, तिथेही नूडलचा कडकपणा, खारटपणा आणि तेल हे तीन प्रश्न विचारतात, पण शांतपणे. शेजारी भात मिळतो, नोरी सूपमध्ये भिजवून भातावर गुंडाळून खाल्ली की पोरं खूश.

गप्पा मारायच्या नाहीत असं नाही, पण खाताना फोन, रील्स, बाऊलचे वीस फोटो हे नको. फोटो एक-दोन काढा, लगेच खायला घ्या. आम्ही आतून बघत असतो आणि नूडल फुगताना बघून जीव वरखाली होतो, खरंच. दुसऱ्याच्या बाऊलमध्ये चॉपस्टिक्स घालून चव घेणं घरच्यांत चालतं, पण चॉपस्टिक्स बाऊलमध्ये उभ्या खोचून ठेवू नका, ते तिकडे मृतासाठी ठेवलेल्या भातात करतात. चौघांत दोन बाऊल शेअर करायचा आपला हिशोब असतो, छोट्या काउंटरच्या दुकानात तो चालत नाही, बसलेल्या प्रत्येकाने एक घ्यावं अशी अपेक्षा असते. मुलासाठी छोटा बाऊल आहे का विचारा, मोठ्या साखळ्यांत असतो.

सगळं सूप प्यायचं का? बाऊल रिकामा केला की आतल्याला बरं वाटतं हे खरं, पण एका बाऊलमध्ये पाच-सहा ग्रॅम मीठ सहज असतं आणि जागतिक आरोग्य संघटना अख्ख्या दिवसाला 5 ग्रॅमच्या आत राहा म्हणते. त्यातलं बरंचसं सूपमध्येच. बीपी असेल तर बिनधास्त सोडा, बरेच जपानीही सोडतात.

खाऊन झालं की कुणी उठवत नाही, तुम्हीच उठायचं. बाऊल उचलून समोरच्या उंच कट्ट्यावर ठेवा, फडकं असेल तर आपल्यापुरतं पुसा, आणि "गोचिसोसामा" (जेवणाबद्दल आभार) म्हणून निघा. टिप ठेवू नका, ठेवलीत तर पैसे विसरलात म्हणून पोरगा धावत मागे येईल. आणि उरलेलं पार्सल मागू नका, सूपमध्ये भिजलेली नूडल हॉटेलवर पोचेपर्यंत खायच्या लायकीची राहत नाही, बहुतेक दुकानं देतही नाहीत. भूक कमी असेल तर आधीच सांगा, "मेन सुकुनामे" म्हणा, नूडल्स कमी घालतात, पैसे तेवढेच घेतात.